जुन्या इंग्रजीतला 'सॅड' कसा वाचायचा

मागच्या थंडीत अमळनेरला माझ्या संध्याकाळच्या क्लासला बी.ए.ची एक पोरगी आली, पारोळ्याकडून एसटीने येते, वही उघडायच्या आधीच म्हणे, मॅडम एक सांगा, ही ग्रिसेल्डा एवढी सॅड आहे तर रडत का नाही? चॉसर या जुन्या इंग्रज कवीची गोष्ट तुम्ही वाचली असेल तर आठवेल, गरीब घरची ग्रिसेल्डा, तिचा नवरा वॉल्टर मोठा सरदार, तो तिची परीक्षा घ्यायची म्हणून आधी लेक उचलून नेतो, मग लेक गेली तसा मुलगाही नेतो, दोघांना मारलं असं तिला वाटू देतो, मग तिलाच माहेरी हाकलतो, आणि शेवटी परत बोलावतो ते कशाला, तर नव्या नवरीसाठी घर आवरून ठेव म्हणून. ती सगळं निमूट करते. आणि तिथे चॉसर लिहितो, ती कायम 'सॅड ॲंड कॉन्स्टंट ॲज अ वॉल' होती. पोरीने गाईडमध्ये पाहून पेन्सिलीने वर लिहून ठेवलं होतं, भिंतीसारखी दुःखी.

मी तिला म्हटलं, भिंत कधी दुःखी असते का गं? ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणे, नाही, भिंत घट्ट असते. बस, तिथेच उत्तर आलं. चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटी, सॅडचा एक अगदी चालता अर्थ होता ठाम, न डगमगणारा, स्थिर. चॉसरला सांगायचं होतं की एवढं होऊनही ती हलली नाही, आणि आपण तिथे आजचा अर्थ बसवला की वाक्य बरोब्बर उलटं होतं. पुढे मुलं परत भेटतात तेव्हा ती आनंदाने चक्कर येऊन पडते, म्हणजे तिला काही वाटत नव्हतं असं नाही, पण त्या ओळीत बोलणं तिच्या दुःखाचं चाललेलं नाही, तिच्या ठामपणाचं चाललंय.

तर हे लिहितेय ते एवढ्यासाठी की आपल्याकडची पोरं, धुळे जळगाव नंदुरबार सगळीकडची, जुनं इंग्रजी आलं की घाबरतात आणि घाबरली की सोप्या शब्दावरून पटकन पुढे जातात, अडतात ती अवघड शब्दांवर. खरं तर अवघड शब्द धोका देत नाही, तो माहीत नसतो म्हणून आपण डिक्शनरी उघडतोच. धोका देतो तो ओळखीचा शब्द. सॅड तिसरीतल्या पोराला येतो, म्हणून एम.ए.च्या पोराला सुद्धा तो तपासावा असं वाटत नाही.

आता कसं तपासायचं ते सांगते, सॅडवरच सांगते, बाकीच्या विशेषणांना हीच पद्धत चालते.

सगळ्यात आधी पुस्तक कधीचं आहे ते बघा. तारखा पाठ करायची गरज नाही, तीन ढोबळ टप्पे डोक्यात असले तरी पुरे. अकराव्या शतकापर्यंतची, म्हणजे ज्याला ओल्ड इंग्लिश म्हणतात ती भाषा असेल तर सॅडचा अर्थ पोट भरलेला, तृप्त. दुःखी नाहीच. दुःखाला तेव्हा 'उनरोट' असा वेगळाच शब्द होता, तो पुढे मेला. साधारण १३०० पासून सतराव्या शतकापर्यंत सॅडचे पाच सहा अर्थ एकाच वेळी बाजारात होते, ठाम होता, गंभीर होता, जड होता, गडद होता आणि दुःखी पण होता, त्यामुळे सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायची, आणि आपल्या सिलॅबसमधलं चॉसर, शेक्सपिअर हे सगळं नेमकं इथेच पडतं. त्यानंतर मात्र दुःखी हा अर्थ बाकीच्यांना ढकलत ढकलत पुढे आला आणि जुने अर्थ स्वयंपाकघरात, रंगाऱ्याकडे, परटाकडे असे कोपऱ्यात जाऊन राहिले.

पोट भरलेला माणूस दुःखी कसा झाला हे कळलं की मधले सगळे अर्थ आपोआप लक्षात राहतात, म्हणून इथे जरा थांबा. आपल्याकडची भरीत पार्टी डोळ्यासमोर आणा. डिसेंबर महिना, शेतात पऱ्हाट्यांवर भाजलेली बामणोदची वांगी, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल सुटलेलं भरीत, सोबत कळण्याची भाकर नाहीतर पुरी. पहिल्या वाढणीला माणूस खुश असतो. तिसऱ्या वाढणीनंतर कोणी आग्रह करायला आला की तो ताटावर आडवा हात धरतो, भाऊ आता नको, पोट भरी गयं. मग तो बांधाला टेकून बसतो, अंग जड झालेलं, बोलणं कमी झालेलं, चेहऱ्यावर हसू नाही, कोणी लांबून पाहिलं तर म्हणेल याला काय झालं बुवा. सॅडचा सगळा प्रवास या एका माणसात आहे. आधी भरला, मग नको नको झालं, मग जड झाला, मग हलेनासा झाला, मग गंभीर दिसायला लागला, आणि बघणाऱ्याने त्याला दुःखी म्हटलं.

यातली दुसरी पायरी, नको नको झालेली, ती फार जुन्या कवितेत सापडते. ९३७ साली ब्रुनानबुर्हची लढाई झाली, तिच्यावरची ओल्ड इंग्लिश कविता आहे, त्यात रणांगणावर पडलेल्या सैनिकाला 'वेरिग, विगेस सॅड' म्हटलंय, म्हणजे थकलेला, लढाईने पोट भरलेला. लढाई पुरे झाली त्याला. आपण नाही का म्हणत, या कटकटींनी जीव विटला, तसंच. इंग्रजीने हीच वाट पुढे परत एकदा चालली बघा, 'फेड अप' म्हणजे शब्दशः भरवून भरवून भरलेला, आणि अर्थ कंटाळलेला. एकच भाषा दोनदा त्याच रस्त्याने गेली.

नातेवाईक शब्द शोधणं ही पण तपासायची एक चांगली रीत आहे. सॅडचा सख्खा भाऊ जर्मनमध्ये आहे, 'झाट', आणि त्याचा अर्थ अजूनही पोट भरलेला असाच आहे, तो जर्मन माणूस जेवून उठताना म्हणतो आणि खुश असतो. लॅटिनमधलं चुलत घर म्हणजे 'सॅटिस', पुरेसं, त्यातून इंग्रजीत सॅटिस्फाय आला, सॅच्युरेट आला. म्हणजे सॅड आणि सॅटिस्फाइड हे एका घरातले, एक रडका झाला आणि एक समाधानी राहिला! पोरांना हे सांगितलं की ती विसरत नाहीत, माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची, विशेषण कोणाच्या शेजारी बसलंय ते बघा. विशेषण एकटं कधी बोलत नाही. सॅड माणसाला लागला असेल तर तो दुःखी, गंभीर किंवा ठाम यापैकी काहीतरी. कापडाला, रंगाला लागला असेल तर गडद, मंद. ब्रेडला किंवा केकला लागला असेल तर न फुगलेला, आपण म्हणतो ना केक गिच्च झाला, तो. लोखंडाला लागला असेल तर भरीव. दुःखी लोखंड असं वाचलंत की लगेच थांबायचं, कुठेतरी चुकतंय.

रंगाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला प्युरिटन, म्हणजे कडक धर्म पाळणारे इंग्रज ख्रिस्ती लोक जाऊन राहिले, त्यांच्याबद्दल वाचताना 'सॅड कलर्स' हा शब्द सारखा भेटतो, आणि आपल्याला वाटतं बिचारे दुःखात असायचे म्हणून काळे कपडे घालायचे. पण १६३८ सालची अशा सॅड रंगांची एक यादी आहे, तिच्यात काळा नाहीच, जांभळा आहे, तपकिरी लालसर आहे, हिरव्याची एक छटा आहे, चक्क नारिंगी सुद्धा आहे. म्हणजे भडक नसलेले, दबलेले, खोल रंग. मराठीत याच्या अगदी जवळ जाणारा शब्द आहे आपल्याकडे, मळखाऊ. लुगडं घ्यायला गेलेली आजी दुकानदाराला म्हणायची ना, मळखाऊ रंगात दाखव, झगमगीत नको, रानात नेसायचंय. तोच भाव. हॉथॉर्नच्या १८५० सालच्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीत पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात दाढीवाल्या माणसांचे 'सॅड कलर्ड' कपडे येतात, तिथे पण आधी हा अर्थ घ्या. लेखकाला त्यातून उदासवाणं वातावरण पण उभं करायचंय हे खरं, पण ते मागून येतं, आधी रंग.

रंगाऱ्यांच्या धंद्यात तर हा शब्द अजून जिवंत आहे. नैसर्गिक रंगात सूत रंगवणारे लोक हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून रंग काळपट, खोल करतात, त्या क्रियेला इंग्रजीत 'सॅडन' करणं म्हणतात. आजही. कोणी इंग्रजी व्हिडिओत म्हणालं की आयर्न घातल्यावर पिवळा सॅडन होतो, तर पिवळ्याला वाईट वाटलेलं नाहीये, तो मेहंदीकडे झुकलाय.

आणि सॅड आयर्न म्हणजे काय, तर इस्त्री. आपल्याकडे जुन्या लाँड्रीत पितळेची नाहीतर लोखंडाची कोळशाची इस्त्री असायची, झाकण उघडून आत निखारे भरायचे, ती आतून पोकळ. सॅड आयर्न तिच्या उलट, आत पोकळ काही नाही, सगळा भरीव लोखंडी गोळा, चुलीवर किंवा शेगडीवर ठेवून तापवायचा आणि उचलून कपड्यावर फिरवायचा. एक वापरात, दुसरी चुलीवर तापत, असं आळीपाळीने काम चालायचं. मूठ पण लोखंडाची, म्हणून हात भाजायचा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मेरी पॉट्स या बाईने १८७१ साली सुटी होणारी मूठ काढली आणि तिचं पेटंट घेतलं, एकच गार मूठ आणि खाली बदलायला दोन तीन तापलेले गोळे. इंटरनेटवर जुन्या वस्तूंच्या फोटोखाली 'मिसेस पॉट्स सॅड आयर्न' दिसलं तर तो हा. दिवसभर इस्त्री करून बाई दुःखी व्हायची म्हणून सॅड, असं काही जण लिहितात, ते चूक आहे, इथे सॅड म्हणजे फक्त जड आणि भरीव.

तिसरी गोष्ट, मराठी शब्द बसवून बघा. वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहून ठेवा: तृप्त, विटलेला, ठाम, गंभीर, जड किंवा भरीव, गडद, दुःखी. सॅड आला की हे एकेक करून त्या जागी ठेवायचे आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. भिंतीसारखी तृप्त, नाही. भिंतीसारखी गडद, नाही. भिंतीसारखी ठाम, हो. कान लगेच सांगतो. दोन शब्द बसले तर दोन्ही लिहून ठेवा, कारण कधी कधी लेखकाला दोन्ही हवे असतात.

तसं नेमकं 'रोमिओ ॲंड ज्युलिएट'च्या पहिल्या अंकात झालंय, ते जरा जवळून बघू. रोमिओ प्रेमात पडलाय, उसासे टाकतोय, त्याचा भाऊ बेनव्होलिओ विचारतो, 'टेल मी इन सॅडनेस', ती कोण? आता 'इन सॅडनेस' म्हणजे खरं खरं, चेष्टा सोडून. पण रोमिओ मुद्दाम दुसरा अर्थ पकडतो आणि म्हणतो, म्हणजे काय, कण्हत कण्हत सांगू का? बेनव्होलिओ म्हणतो, कण्हायला कशाला, 'सॅडली टेल मी', नीट सांग कोण ती. सगळी गंमत शब्दाला दोन अर्थ चालू होते त्यावर उभी आहे, आणि एकच अर्थ घेऊन वाचलं तर हा संवाद नुसता वेडगळ वाटतो. तसंच शेक्सपिअरच्याच 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात मित्र बेनेडिकला फसवायला मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं बोलतात आणि लपलेला बेनेडिक स्वतःशी म्हणतो की यांचं बोलणं 'सॅडली' चाललं होतं. दुःखाने नाही, गंभीरपणे, म्हणूनच त्याला ते खरं वाटतं. इथे अर्थ चुकला तर तो का फसला हेच कळत नाही.

म्हणून लक्षात ठेवा, सॅड बरोबर सॅडली आणि सॅडनेस पण तपासायचे, जुना गंभीरपणाचा अर्थ या दोघांतही असतो आणि तिथे आपलं लक्ष आणखी कमी असतं.

डिक्शनरी कोणती वापरायची, हे पोरं नेहमी विचारतात. मोबाइलमधली साधी डिक्शनरी किंवा परीक्षेसाठीची लर्नर्स डिक्शनरी इथे उपयोगाची नाही, तिच्यात आजचा सगळ्यात चालता अर्थ पहिला असतो आणि जुने अर्थ बहुतेक वेळा नसतातच. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४ ला आला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं, ती अर्थ काळाच्या क्रमाने देते, जुना आधी, आणि प्रत्येक अर्थाला त्या त्या वर्षाची वाक्यं. ती पैसे भरून बघावी लागते, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. फुकटात हवं असेल तर मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी ऑनलाइन आहे, चॉसरसाठी तिच्यासारखं काही नाही. ओल्ड इंग्लिशला बॉसवर्थ-टॉलर ही डिक्शनरी आहे. शेक्सपिअरनंतरच्या काळासाठी मला सॅम्युअल जॉन्सनची १७५५ ची डिक्शनरी फार आवडते, तीही ऑनलाइन मिळते, तिच्यात सॅडला दुःखी तर आहेच पण गंभीर, गडद, जड हे अर्थ पण ओळीने दिलेत, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते लोकांना माहीत होते एवढं कळतं. नुसता उगम चटकन बघायचा तर एटिमऑनलाइन ही साइट बरी, पण तेवढ्यावर परीक्षेत उत्तर लिहू नका, तिथे वाक्यं फारशी नसतात, आणि वाक्य पाहिल्याशिवाय अर्थ पक्का होत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हे सगळं आपल्याला परकं नाही हो. त्या पारोळ्याच्या पोरीला मी त्या दिवशी तुकोबांची ओळ म्हणायला लावली, तिच्या घरी वारीची परंपरा आहे, तिला पाठच होती: जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी. मी विचारलं, उदास विचारे म्हणजे काय, तोंड पाडून खर्च करायचा का? ती लगेच म्हणे, नाही मॅडम, म्हणजे अडकायचं नाही, पैशात जीव ठेवायचा नाही. बघा, तिला कोणी डिक्शनरी दिली नव्हती. उदास शब्दाच्या मुळात उद् आणि आस्, बाजूला होऊन बसणं, त्यातूनच उदासीन, गीतेत 'उदासीनवदासीन' येतो तो अलिप्त बसलेल्या माणसासाठी. आज आपण म्हणतो आज जरा उदास वाटतंय, म्हणजे खिन्न. अलिप्त बसलेला माणूस बघणाऱ्याला खिन्न दिसला आणि शब्द घसरला. सॅडची गोष्ट आणि उदासची गोष्ट शेवटी एकाच मुक्कामाला येते, एक भरल्या पोटाने निघाला आणि एक बाजूला बसून. राग शब्द पण तसाच, संस्कृतात रंग, ओढ, प्रेम, आणि आपल्या घरात राग म्हणजे संताप. जी पोरगी अभंगातला उदास बरोबर वाचते तिला चॉसरचा सॅड वाचता येणारच, फक्त तिला कोणी सांगितलं पाहिजे की बाई, तू हे आधीपासून करतेस.

म्हणून माझ्याकडे मी आता असं करते, इंग्रजीचा जुना शब्द घ्यायच्या आधी पोरांकडून घरातला एक शब्द मागते ज्याचा अर्थ आजीच्या बोलण्यात वेगळा आणि त्यांच्या बोलण्यात वेगळा आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या पोरांकडे असे शब्द जास्त असतात आणि ज्यांना वर्गात आपली बोली बोलायला लाज वाटायची तीच पोरं त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलतात.

एक सावधगिरी मात्र ठेवा. जुना अर्थ कळला म्हणून तो आजच्या बोलण्यावर लादू नका. कोणी आय ॲम सॅड म्हणालं तर तुझं पोट भरलंय का असं विचारून शहाणपणा दाखवायचा नाही, शब्दाचा खरा अर्थ म्हणजे त्या त्या वेळी बोलणारे लोक ज्या अर्थाने वापरतात तो, मूळ अर्थ तेवढा खरा आणि आजचा बिघडलेला असं काही नसतं. मी हे काही शिकलेल्या लोकांना सुद्धा करताना पाहिलंय आणि समोरचं पोर त्यामुळे उगाच बुजतं.

परीक्षेत कसं लिहायचं ते थोडक्यात. संदर्भासहित स्पष्टीकरण आलं तर दुसऱ्या तिसऱ्या वाक्यातच लिहून टाका की इथे सॅड हा आजच्या अर्थाने नाही, ठाम या अर्थाने आहे, आणि लगेच पुरावा त्याच ओळीतला द्या, शेजारी कॉन्स्टंट आहे, पुढे भिंतीची उपमा आहे. शब्दाचा सगळा इतिहास, जर्मन आणि लॅटिन, तिथे ओतू नका, तपासणाऱ्याला ओळीचा अर्थ हवा असतो.

सराव म्हणून 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' काढा. पहिलीच ओळ अँटोनिओची, 'इन सूथ, आय नो नॉट व्हाय आय ॲम सो सॅड', आणि मग दुसऱ्या अंकात ग्रॅशिआनो म्हणतो की मी आता सभ्य वागेन, आजीला खुश करायला पोरगा जसा 'सॅड ऑस्टेंट' धरतो तसा. ऑस्टेंट म्हणजे बाहेरून दाखवायचं रूप. नाटक एक, लेखक एक, साल एक, म्हणजे तारखेचा उपयोग नाही, शेजारचे शब्दच बघावे लागतील. मागच्या पानावरचे सात शब्द दोन्ही ठिकाणी बसवून वाचा. त्या पोरीने दुसऱ्या ओळीला समासात पेन्सिलीने लिहिलं, आजीसमोर शहाण्यासारखं तोंड करून, आणि मला ते कुठल्याही गाईडपेक्षा बरोबर वाटलं.